टेक्सासमधील ओपन कॅरी (हँडगन उघडपणे बाळगणे): प्रशिक्षकांनी सांगितलेले नियम आणि कायद्यातील कलमे जुळत नाहीत

रानजाई (प्रश्न)

नमस्कार. आम्ही गेली अकरा वर्षे टेक्सासमध्ये राहत आहोत आणि तीन वर्षांपूर्वी मला व माझ्या यजमानांना ग्रीन कार्ड मिळाले. माझा धाकटा भाऊ एच-१बी व्हिसावर नोकरी करतो आणि सध्या आमच्याच घरी राहतो. माझी नोकरी रात्रपाळीची असल्यामुळे बराच विचार करून मी हँडगन बाळगण्याच्या परवान्याचा, म्हणजे येथे ज्याला एलटीसी म्हणतात त्याचा, वर्ग केला. बंदूक बाळगावी की बाळगू नये हा या धाग्याचा विषय नाही, एवढे आधीच नमूद करते.

आमचे प्रशिक्षक निवृत्त सैनिक आहेत आणि शिकवण्याची त्यांची हातोटी उत्तम आहे. पकड, उभे राहण्याची पद्धत, निशाणा ठरेपर्यंत बोट ट्रिगरपासून दूर ठेवण्याची सवय, हे सारे त्यांनी इतक्या शांतपणे शिकवले की पहिल्यांदाच पिस्तूल हातात घेणाऱ्या माझ्यासारखीची भीती तासाभरात गेली. कायद्याच्या तासाला मात्र त्यांनी जे सांगितले ते लिहून घेऊन घरी आल्यावर मी टेक्सासच्या दंडसंहितेशी ताडून पाहिले, तेव्हा माझा गोंधळ उडाला. त्यांची चार विधाने येथे देते.

२०२१ पासून परवाना हा निव्वळ हौसेचा कागद उरला असून, जो कोणी या देशात कायदेशीरपणे राहतो तो कमरेला पिस्तूल लावून कुठेही जाऊ शकतो, हे पहिले विधान. दुकानाच्या दारावर बंदुकीच्या चित्रावर आडवी रेघ मारलेली पाटी असेल, तर तिला कायद्यात काहीही किंमत नाही, सरळ आत जावे, हे दुसरे. उघडपणे पिस्तूल बाळगायचे असेल तर होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवण्याचे म्यान, खांद्याचा किंवा कमरपट्ट्याचाच असला पाहिजे, हे तिसरे. आणि पिस्तूल उघडपणे बाळगणे कायदेशीर असल्यामुळे पोलीस तुम्हाला काहीही विचारू शकत नाहीत, विचारलेच तर उत्तर देऊ नये, हे चौथे.

वर्गात आम्ही चौदा जण होतो आणि सगळ्यांनी हे वहीत उतरवून घेतले. पहिले विधान ऐकून माझ्या भावानेही नेमबाजीच्या सरावाच्या रेंजवर नाव नोंदवले आहे. यांतले कोणते बरोबर आणि कोणते चूक, हे जाणकारांनी सांगावे. चूक असेल तर ते त्यांच्या कानावर कसे घालावे, हेही मला कळत नाही, कारण त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

नीरक्षीर

रानजाई, तुम्ही कलमे उघडून वाचलीत हे फार चांगले केलेत. मी २०१४ पासून परवानाधारक आहे आणि दर दोन वर्षांनी होणारे बदल नेमाने वाचतो, कारण टेक्सासचे विधिमंडळ विषम वर्षी भरते आणि बहुतेक नवे कायदे त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू होतात. ज्या प्रशिक्षकाची टिपणे त्याआधीची असतात, त्याचा वर्ग तेथेच थांबलेला असतो.

तुमच्या तिसऱ्या विधानावरून हे स्पष्ट दिसते. १ जानेवारी २०१६ रोजी परवानाधारकांना हँडगन उघडपणे बाळगण्याची मुभा मिळाली, तेव्हा कायद्यात खांद्याचा किंवा कमरपट्ट्याचा होल्स्टर असेच शब्द होते. १ सप्टेंबर २०२१ पासून विनापरवाना बाळगण्याची मुभा देणारा कायदा आला, त्याच वेळी ते शब्द वगळले गेले आणि आता फक्त होल्स्टर असणे पुरेसे आहे. गंमत अशी की पहिल्या विधानात तुमचे प्रशिक्षक २०२१ नंतरचा कायदा सांगत आहेत आणि तिसऱ्यात २०१६ चा. एकाच तासात दोन काळांचे नियम मिसळले गेले आहेत. हे विधान पाळल्याने तुमचे नुकसान होणार नाही, म्हणून ते येथेच सोडतो.

पाटीचे विधान मात्र मला जास्त काळजीचे वाटते, कारण ते अर्धे बरोबर आहे आणि ऐकणाऱ्याला ते कोणाच्या बाबतीत बरोबर आहे हे सांगितलेले नाही. परवानाधारकाला लपवलेल्या हँडगनसह मज्जाव करायचा असेल तर कलम ३०.०६ ची आणि उघड हँडगनसह मज्जाव करायचा असेल तर कलम ३०.०७ ची पाटी लागते. तिचा मजकूर कायद्याने ठरवून दिलेला आहे, तो इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, उठून दिसणाऱ्या रंगांत आणि किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत असावा लागतो. त्यामुळे नुसते रेघ मारलेले चित्र परवानाधारकाला या दोन कलमांखालची सूचना ठरत नाही, एवढ्यापुरते तुमचे प्रशिक्षक बरोबर आहेत. पण ज्याच्याजवळ परवाना नाही आणि जो २०२१ च्या कायद्याच्या आधाराने पिस्तूल बाळगतो, त्याला अतिक्रमणाचे सर्वसाधारण कलम ३०.०५ लागू होते. त्या कलमातही बंदुकीसाठी एक नमुन्याची पाटी दिलेली आहे, परंतु ती लावता येईल अशी भाषा आहे, लावलीच पाहिजे अशी नाही, आणि प्रवेश निषिद्ध असल्याचे पाहणाऱ्याच्या लक्षात येईल अशी कोणतीही पाटी अतिक्रमणाच्या कलमात सूचना ठरू शकते. तेव्हा चौदा जणांच्या वर्गात ज्यांनी पुढे परवान्यासाठी अर्जच केला नाही, त्यांनी त्या चित्राकडे दुर्लक्ष करून आत जाणे धोक्याचे आहे.

शिवाय पाटी कशीही असो, दुकानाच्या माणसाने तोंडी सांगितले की बाहेर जा, तर परवानाधारकालाही जावेच लागते. पाटी ओलांडली एवढ्यापुरता गुन्हा २०० डॉलरपर्यंतच्या दंडाचा आहे, परंतु तोंडी सांगूनही थांबून राहिल्यास तो वर्ग अ चा गुन्हा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद व ४,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. हा फरक वर्गात पहिल्या दहा मिनिटांत सांगायला हवा होता.

आता पहिल्या विधानातला ‘कुठेही’ हा शब्द. कलम ४६.०३ मध्ये शाळा, मतदान केंद्रे, न्यायालये, विमानतळाचा सुरक्षा तपासणीनंतरचा भाग, आणि ज्यांचे निम्म्याहून अधिक उत्पन्न तेथेच प्यायल्या जाणाऱ्या मद्याचे आहे असे बार, अशी यादीच आहे. अशा बारच्या दारावर लाल अक्षरांत ५१ टक्के असे छापलेली पाटी असते आणि ती परवानाधारकालाही बांधील आहे. महाविद्यालयांत २०१६ पासून परवानाधारकाला हँडगन नेता येते, पण ती लपवलेलीच असावी लागते, उघडपणे नेता येत नाही. नशेत असताना हँडगन बाळगणे हा वेगळा गुन्हा आहे. पिस्तूल होल्स्टरमध्ये नसेल आणि ते मुद्दाम लोकांना दिसेल असे बाळगले, तर तोही गुन्हा. आणि होल्स्टरमधले पिस्तूल असो की खांद्यावरची रायफल असो, लोक घाबरावेत अशा हेतूने सार्वजनिक ठिकाणी ते मिरवले, तर शांतताभंगाचे कलम ४२.०१ आहेच.

परवाना हौसेचा कागद उरला, हे तर मुळीच खरे नाही. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत, म्हणजे साधारण ३०० मीटरच्या टापूत, बंदूक बाळगण्यास केंद्रीय कायद्याने बंदी आहे. हा कायदा प्रथम १९९० मध्ये झाला, १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोपेझ खटल्यात तो रद्द केला आणि १९९६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तो दुरुस्त करून पुन्हा आणला. या बंदीतून ज्यांना सूट आहे त्यांत, ती शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्याने पडताळणी करून दिलेला परवाना जवळ असलेली व्यक्ती येते. राज्याने परवान्याची अटच काढून टाकली म्हणून विनापरवाना माणसाला ही सूट मिळत नाही. स्वतःच्या घरात तो सुरक्षित आहे, गाडीत रिकामी बंदूक कुलूपबंद पेटीत असेल तरी चालते, पण कमरेला भरलेले पिस्तूल लावून शाळेसमोरच्या पदपथावरून तो जाऊ शकत नाही. आपल्या उपनगरांत प्राथमिक शाळा वस्तीच्या मधोमध असतात, तेव्हा घरातून बाहेर पडून कोपऱ्यापर्यंत जातानाच हा टापू लागतो. तुमच्या प्रशिक्षकांना हे ठाऊक असते, तर त्यांनी स्वतःच देत असलेल्या परवान्याच्या शिक्षणाला कमी लेखले नसते.

पैलतीर

नीरक्षीर यांनी पाट्यांचे उत्तम विवेचन केले आहे, परंतु या प्रश्नातली सगळ्यात गंभीर ओळ मला वेगळीच वाटते. रानजाई, आपल्या भावाला रेंजवर जाऊ देऊ नका. कृपा करून आजच नोंदणी रद्द करा.

‘जो कोणी या देशात कायदेशीरपणे राहतो तो’ हे विधान सरळसरळ चुकीचे आहे. केंद्रीय कायद्याच्या १८ व्या शीर्षकातील कलम ९२२(जी) च्या पाचव्या उपकलमात दोन प्रकारच्या परदेशी नागरिकांना बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास मनाई आहे. बेकायदा राहणारे हा एक प्रकार, आणि नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर आलेले हा दुसरा. एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१ हे सगळे दुसऱ्या प्रकारात मोडतात. या लोकांचे वास्तव्य पूर्णपणे कायदेशीर असते, कर भरलेला असतो, घर घेतलेले असते, तरीही ही मनाई लागू होते. ग्रीन कार्ड मिळालेल्याला ती लागू नाही, म्हणून आपण स्वतः निश्चिंत असावे. या मनाईला काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ राज्याने दिलेला वैध शिकारीचा परवाना जवळ असणे, पण हा अपवाद वाचून त्यावर विसंबण्याआधी इमिग्रेशनचे काम करणाऱ्या वकिलाशी बोलणे आवश्यक आहे, कारण चूक झाली तर तिची किंमत फक्त दंडापुरती राहत नाही. जून २०२२ पासून या कलमाखाली १५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास इमिग्रेशनच्या कायद्यात देशाबाहेर काढण्याचे ते स्वतंत्र कारण आहे.

जवळ बाळगणे म्हणजे विकत घेणे, असा आपल्या लोकांचा समज असतो. रेंजवर भाड्याने घेतलेले पिस्तूल अर्धा तास हातात असणे हेही बाळगणेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या रेहैफ खटल्याचा उगम अशाच प्रसंगात होता. विद्यार्थी व्हिसावर आलेला तो तरुण गुण कमी पडल्यामुळे विद्यापीठातून काढला गेला, त्याचे वास्तव्य बेकायदा ठरले, आणि त्यानंतर तो रेंजवर जाऊन दोन बंदुका चालवून आला. न्यायालयाने म्हटले की आपण मनाई असलेल्या गटात आहोत हे आरोपीला ठाऊक होते, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. यात आपल्या भावासाठी दिलासा शोधू नका. आपण एच-१बी वर आहोत हे त्याला पक्के ठाऊक आहे, आणि तशी मनाई आहे हे ठाऊक नव्हते, असे सांगून बचाव होत नाही.

प्रशिक्षकाने सांगितले होते, हा बचावही उभा राहत नाही. सरकारी अधिकाऱ्याने अधिकृतपणे चुकीची माहिती दिली आणि त्यावर विसंबून एखाद्याने कृती केली, तर न्यायालये काही मर्यादित परिस्थितीत त्याला संरक्षण देतात. खासगी वर्ग घेणारा माणूस, त्याच्याजवळ राज्याचे प्रमाणपत्र असले तरी, सरकारच्या वतीने कायदा सांगत नसतो.

एक घरगुती सूचनाही करतो. तुमचे पिस्तूल ज्या पेटीत किंवा कपाटात राहील, त्याची किल्ली अथवा आकडा भावाकडे नसावा. हातात न घेताही एखादी वस्तू ताब्यात असल्याचे न्यायालय मानू शकते, आणि एकाच घरात राहणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न हमखास उभा राहतो.

दगडफूल

मी नॉर्थ कॅरोलायनामध्ये गेली बारा वर्षे प्रशिक्षक म्हणून वर्ग घेतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

आमच्यापैकी बहुतेक जण सैन्यातून, पोलिसातून किंवा नेमबाजीच्या स्पर्धांतून येतात. राष्ट्रीय पातळीवरच्या संस्था आम्हाला जी प्रमाणपत्रे देतात, ती पिस्तूल सुरक्षितपणे हाताळायला आणि चालवायला शिकवण्याची असतात. कायद्याचा भाग प्रत्येक राज्याचा वेगळा आणि तो शिकवण्यासाठी आमची तयारी त्यामानाने थोडी. विद्यार्थ्याला मात्र हा भेद दिसत नाही. ज्याने आपल्याला पहिली गोळी नीट मारायला शिकवले, त्याचे कलमांविषयीचे बोलणेही तितकेच पक्के असणार असे त्याला वाटते, आणि तसा विश्वास समोर दिसला की ‘हे मला बघून सांगावे लागेल’ हे वाक्य आमच्या तोंडून बाहेर पडत नाही.

माझीच चूक सांगतो. आमच्या राज्यात उघडपणे पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही, लपवून बाळगायला लागतो, म्हणून मी अनेक तुकड्यांना सांगत असे की परवाना फक्त लपवण्यापुरता असतो, उघड बाळगणाऱ्याला त्याची गरज नाही. एका विद्यार्थिनीने विचारले की मग जेथे मद्य विकले आणि प्यायले जाते त्या उपाहारगृहात जाता येईल का. मी हो म्हणालो. रात्री कलम १४-२६९.३ वाचले, तेव्हा कळले की अशा जागी आणि प्रवेशमूल्य घेऊन भरवलेल्या मेळाव्यात बंदूक नेण्यास मनाई आहे, मग ती उघड असो वा लपवलेली. २०१३ मध्ये सूट मिळाली ती परवानाधारकांना, आणि तीही मालकाने मज्जावाची पाटी लावलेली नसेल तरच. म्हणजे मी नेमके उलटे शिकवले होते, आणि उघडपणे पिस्तूल लावून जेवायला गेलेला माझा एखादा विद्यार्थी माझ्या शब्दावर गुन्हा करून आला असता. मी त्या वर्षीच्या सगळ्या विद्यार्थ्यांना पत्र पाठवले. तेव्हापासून कायद्याच्या तासाला माझी टिपणे बंद असतात आणि राज्याच्या संकेतस्थळावरील कलम पडद्यावर उघडलेले असते.

नियम किती वेगाने बदलतात याचे ताजे उदाहरण फ्लोरिडाचे आहे. तेथे १९८७ पासून उघडपणे बंदूक बाळगण्यास बंदी होती आणि २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली होती. जुलै २०२३ मध्ये विनापरवाना बाळगण्याचा कायदा आला, तेव्हा पुष्कळांनी तो ओपन कॅरीचाही कायदा समजून घेतला आणि तसे शिकवलेही, वास्तविक तो फक्त लपवून बाळगण्यापुरता होता. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील पहिल्या जिल्हा अपील न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली. आता जो प्रशिक्षक जुन्या टिपणांवरून फ्लोरिडात ओपन कॅरी गुन्हा आहे असे सांगेल तो चुकेल, आणि २०२३ मध्ये जो ती चालते असे सांगत होता तोही चुकतच होता. याउलट इलिनॉयमध्ये परवानाधारकालाही पिस्तूल लपवूनच ठेवावे लागते. टेक्सासचा परवाना घेऊन प्रवासाला निघणाऱ्याने प्रत्येक राज्याचा नियम त्या आठवड्यात वाचावा, मागच्या वर्षी वाचलेला चालत नाही.

प्रशिक्षकांना कसे सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. वर्गात सगळ्यांसमोर नको. कलमाचा क्रमांक, त्याचा मजकूर आणि त्यांचे वाक्य, एवढेच शांतपणे लिहून पाठवा. माझ्या विद्यार्थिनीने तसेच केले होते आणि मला तिचा राग आला नाही, भीती वाटली, आणि तिच्यामुळेच मी पुन्हा वाचायला बसलो. त्यांनी दाद दिली नाही आणि तसेच शिकवत राहिले, तर टेक्सासमध्ये एलटीसीच्या प्रशिक्षकांना प्रमाणपत्र सार्वजनिक सुरक्षा विभाग देतो आणि तो ते निलंबित किंवा रद्दही करू शकतो. तेथे तक्रार करता येते, पण ते शेवटचे पाऊल असावे.

उंबरठा

चौथ्या विधानावर अजून कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. मी ओहायोत राहतो.

पोलीस काहीही विचारू शकत नाहीत, हे वाक्य काही न्यायनिर्णयांच्या अर्धवट वाचनातून आले असावे. १९६८ च्या टेरी खटल्यापासून असा नियम आहे की एखाद्याला थोडा वेळ थांबवून ठेवायला पोलिसांकडे गुन्ह्याचा सकारण संशय असावा लागतो. त्यावर पुढे चौथ्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे केंद्रीय अपील न्यायालयाचा विभाग) न्यायालयाने २०१३ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनातील शार्लटमधून आलेल्या प्रकरणात, आणि सहाव्या सर्किटने २०१५ मध्ये ओहायोतील टोलेडोच्या नॉर्थरप प्रकरणात सांगितले की जेथे उघडपणे बंदूक बाळगणे कायदेशीर आहे, तेथे तेवढ्यावरून असा संशय निर्माण होत नाही. हे दोन्ही निर्णय टेक्सासला बंधनकारक नाहीत, कारण टेक्सास पाचव्या सर्किटमध्ये येते. आणि मुळात पोलिसाने जवळ येऊन बोलणे, प्रश्न विचारणे, याला कोणत्याही निर्णयात मनाई नाही.

टेक्सासच्या परवानाधारकाच्या बाबतीत तर कायदा उलटच सांगतो. हँडगन जवळ असताना पोलीस अधिकाऱ्याने ओळखपत्र मागितले, तर ओळखपत्राबरोबर परवानाही दाखवावा लागतो, आणि सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास अधिकारी तेवढ्यापुरते पिस्तूल काढूनही घेऊ शकतो. उत्तर देऊ नका असे शिकवून पाठवलेला विद्यार्थी पहिल्याच वाहन तपासणीत अडचणीत येईल. नॉर्थरप कुटुंबासह कुत्र्याला फिरवायला निघाले होते, पिस्तूल होल्स्टरमध्ये होते, वाटेतल्या कोणीतरी पोलिसांना फोन केला आणि त्यांना बेड्या पडल्या. हा प्रसंग २०१० चा आणि निकाल २०१५ चा. कायद्याने ते बरोबर होते, पण तो बरोबरपणा सिद्ध व्हायला पाच वर्षे लागली, आणि त्या संध्याकाळी रस्त्यावर उभे असताना त्याचा त्यांना काहीच उपयोग नव्हता.

रानजाई

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पैलतीर यांचा प्रतिसाद वाचून मी त्याच क्षणी भावाला फोन केला. त्याने नोंदणी रद्द केली आहे आणि पेटीचा आकडा आता फक्त मला व यजमानांना माहीत आहे.

दगडफूल यांनी सांगितल्याप्रमाणे मी प्रशिक्षकांना पत्र लिहिले. चारही विधाने, त्यांच्यापुढे कलमांचे क्रमांक आणि मजकूर, आणि शेवटी त्यांनी मला पिस्तूल धरायला किती चांगले शिकवले हेही लिहिले, कारण ते खरे होते. दोन दिवसांनी त्यांचे उत्तर आले. होल्स्टरचे आणि व्हिसाचे म्हणणे त्यांनी मान्य केले, व्हिसाविषयी त्यांना खरोखरच माहिती नव्हती आणि आमच्या वर्गातल्या इतर तेराही जणांना ते स्वतः कळवणार आहेत. शाळेच्या टापूविषयी त्यांनी वाचायला वेळ मागितला आहे. पाटीच्या बाबतीत ते अजून ठाम आहेत, कारण त्यांच्या मते वर्गाला येणारा प्रत्येक जण परवाना काढतोच. आमच्यापैकी निदान तिघांनी अर्ज केलेला नाही, हे मला ठाऊक आहे, आणि तसे त्यांना आज पुन्हा लिहिले आहे. त्यांचे उत्तर आले की येथे कळवते.